हौदाजवळची जागा

ओतीलिया : बाबा, पुन्हा विचारते. पहिल्या हौदाच्या द्राक्षरसात ब्रँडी कधी घातलीत?

बेल्मीरो : सकाळी. वास घेतला, वेळ झाली होती, घाला म्हणालो.

ओतीलिया : मग हा पेला घ्या. गोडवा कुठाय यात? साखर सगळी आंबून गेल्यावर, आंबणं थांबवायला ब्रँडी घालून काय उपयोग?

बेल्मीरो : यंदा द्राक्षंच तशी. ऊन फार होतं.

ओतीलिया : उन्हाने द्राक्षं जास्त गोड होतात, हे तुम्हीच शिकवलंत मला.

बेल्मीरो : मग आता तू मला शिकवू नकोस. माझ्या आजोबांनी हा डोंगर दगडाला दगड लावून बांधून काढला, वेली जगवल्या. लोक दौरो नदी ओलांडून मला न्यायला यायचे. बेल्मीरो, आमच्या हौदाचा वास घेऊन सांग म्हणून.

ओतीलिया : यायचे. आई बरोबर असायची तेव्हा.

बेल्मीरो : तिचा इथे काय संबंध?

ओतीलिया : काल कोबीचं सूप बुडाला लागलं. मला दारातच कळलं. तुम्ही चुलीशेजारी बसून पाव खात होतात.

(बेल्मीरो पेला खाली ठेवतो. पलीकडच्या हौदात शेजारी एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून द्राक्षं तुडवताहेत.)

बेल्मीरो : हळू बोल. ऐकतील.

ओतीलिया : कधीपासून?

बेल्मीरो : त्या मोठ्या तापापासून. तू पोर्तूला शिकत होतीस. ताप उतरला, वास गेला तो गेलाच. तुझ्या आईला पहिल्याच हंगामात कळलं.

ओतीलिया : काय म्हणाली?

बेल्मीरो : काही नाही. येऊन माझ्या डावीकडे उभी राहिली. मी आपला हौदावर वाकायचो, डोळे मिटायचो. वेळ झाली की ती माझ्या कोपराला हात लावायची. आम्ही त्यावर कधी बोललोही नाही.

ओतीलिया : आणि आज?

बेल्मीरो : आजही डोळे मिटून उभा राहिलो. बराच वेळ. ईस्टरला तिला पुरून आलो, तरी वाट बघत राहिलो गं.

ओतीलिया : मला हाक मारायची होतीत.

बेल्मीरो : काय सांगून? आणि हा दुसरा हौद जुन्या वेलींचा. तोही घालवला, तर या खोऱ्यात तोंड दाखवायला जागा नाही. दुसऱ्या कुणाला बोलव. खरं काय ते सांगून टाक.

ओतीलिया : तोंडावर पाणी मारून या. बघा, तुडवायचे थांबलेत सगळे. तुमचीच वाट बघताहेत.

बेल्मीरो : येऊन काय करू?

ओतीलिया : नेहमीसारखे वाका. डोळे मिटा.

बेल्मीरो : तुला कळेल वेळ?

ओतीलिया : कोबीचं कळलं की.

बेल्मीरो : थट्टा करू नकोस. मला भीती वाटतेय.

ओतीलिया : मलाही. चला. मी डावीकडे आहे.