एल्रॉयचं यीस्ट

खूप वर्षं झाली, पण विस्कॉन्सिनमधल्या आमच्या गावच्या दवाखान्यात शेजारच्या बाकावर झालेलं हे बोलणं अजून कानात आहे.

"व्हर्ना, आज तुझ्या एल्रॉयच्या बिअर मंडळाची वर्षअखेरची बैठक. येतेस ना?"

"कुठल्या तोंडाने येऊ, ड्वेन? नवऱ्याने जन्मभर जपलेलं बिअर आंबवायचं यीस्ट मी तो गेल्यावर सिंकमध्ये ओतलं. मला वाटलं, बरणीत काहीतरी नासलंय."

"आणि बरणी लख्ख घासून मलाच दिलीस. वर म्हणालीस, लोणच्याला घे!"

"हसू नकोस. तरी तुम्ही वर्षभर येत राहिलात. दारातला बर्फ उपसलात, बिअरला लागणारी कुंपणावरची हॉप्सची फुलं खुडलीत. कुणी एका शब्दाने बोललं नाही मला."

"बोलायचं काय? हिवाळ्यात काळी बिअर केली, वसंतात गव्हाची, जत्रेत बक्षीस मिळवलं. ती सगळी कशावर आंबली?"

"दुकानातल्या यीस्टवर."

"छे! एल्रॉय कधी कुणाकडे रिकाम्या हाताने गेला होता का? त्याच्या यीस्टची बाटली प्रत्येकाच्या फ्रीजमध्ये आहे. माझी बायको म्हणते, एल्रॉयला जरा सरकव, दूध ठेवायचंय."

"अरे मेल्या, हे आत्ता सांगतोस?"

"आम्हाला वाटलं, तुला ठाऊकच आहे."



"मला देशील थोडं?"

"तू तर बिअरला शिवत नाहीस."

"पाव करीन. रविवारी सगळे जेवायलाच या."