बाळाच्या चड्डीची गाठ

...आणि वर लोक मलाच विचारतात, "अहो, अडीच वर्षांच्या पोराच्या चड्डीत एवढं काय आहे?" काय आहे? तुम्हाला सांगतो, ज्याने शिवदासचा बाळा गप्प झालेला पाहिला नाही, त्याने चड्डी या विषयावर बोलूच नये. आम्ही पाहिलाय. अख्ख्या भाईंदरने पाहिलाय. बहात्तर सालची गोष्ट, फार जुनी नाही, पण अजून कुठलं लहान पोर बोलता बोलता थांबलं ना, की माझा हात आपोआप धोतर सावरायला जातो.

बाळा म्हणजे आमच्या शेजारच्या शिवदासचा एकुलता एक. दिवसभर टकळी चालू. कावळा दिसला की कावळा, खाडीत मचवा दिसला की मचवा, काहीच दिसलं नाही तर काही दिसत नाही म्हणून बडबड. पण मधेच हे पोर थांबायचं. डोळे लांब, मिठागराच्या पार पलीकडे, खाडीकडे कुठेतरी लागायचे. हातातलं बिस्कीट हातात राहायचं. पोराकडे बघून वाटावं की याला काहीतरी फार मोठं कळलंय, आणि ते आपल्याला लवकरच कळणार आहे. मग तुम्ही धावा, उचला, मोरीत न्या, काही करा, उपयोग नाही. बाळा गप्प झाला म्हणजे झालंच. आणि झालं की दुसऱ्या मिनिटाला टकळी पुन्हा सुरू, "बाबा, कावला." जसं मधे काही घडलंच नाही.

आता घरात हे चालतं. पण बालवाडीत?

शिवदास मिठागरावर गोण्या बांधायचा. मिठाने भरलेल्या गोणीचं तोंड सुतळीने आवळायचं आणि गाठ मारायची, दिवसभर तेच. पावसाळ्यात मिठागर बंद, म्हणजे शिवदासही बंद. म्हणून सावित्री, त्याची बायको, गोरेगावला औषधाच्या कंपनीत पॅकिंगला लागली. अजून कायम झाली नव्हती हो, तिथेच तर सगळी गोम. मुकादमाने सांगून ठेवलेलं, खाडा केलास तर उद्यापासून येऊ नकोस. पण नोकरी लागल्यापासून सावित्री रस्त्याने मान वर करून चालायला लागली होती, आणि ती मान खाली जाऊ नये, एवढंच शिवदासला जगात हवं होतं. तिच्यावर जीव होता त्याचा. बोलून दाखवायचा नाही, पण सकाळी ती गाडीला गेली की बाळाला उठवायचं, धुवायचं, कपडे घालायचे आणि बालवाडीत सोडायचं, हे सगळं बिनतक्रार अंगावर घेतलेलं.

आणि बालवाडी कुणाची? सरूबाईंची. देवळामागच्या महिला मंडळाच्या हॉलमध्ये. सरूबाई वाईट नव्हत्या, पण शिस्त म्हणजे शिस्त. पहिल्याच दिवशी शिवदासला दारात उभं करून सांगितलं, "हे बघा, उघडं पोर मी आत घ्यायची नाही. ओलं पोर मी आत ठेवायची नाही. यातून काय मार्ग काढायचा तो तुम्ही काढा. नाही जमलं तर नाव काढीन." आणि नाव काढलं म्हणजे काय, तर बाळा डोंगरीला, द्वारकाआत्याकडे. आत्या जीव लावणारी, पण पोर घरी येणार रविवारच्या रविवारी. सावित्रीने तर आधीच सांगितलेलं, "पोरगा डोंगरीला गेला तर मी नोकरी सोडली म्हनून समजा."

म्हणजे बघा, सगळं कशावर आलं? चड्डीवर.

बरं, बाळा उघडा असला की सोन्यासारखा. नुसतं झबलं, कमरेला करदोटा, बस. आपण होऊन कोपऱ्यात जायचा, बसायचा, परत यायचा. पण जन्मल्यापासून त्याच्या ढुंगणाला जे काही लागलं ते लंगोटच लागलं ना. त्यामुळे पोराच्या डोक्यात हिशोब पक्का, खाली कापड असलं की परवानगी आहे. तुम्ही चड्डी चढवा, पोर खुशाल. शिवदास मला म्हणायचा, "दादा, आपली पोरं उघडीच वाढली. आता याला कपड्यात कोरडा कसा ठेवायचा, मला कोनी शिकवलं न्हाय." मी काय सांगणार? आम्हाला तरी कोणी शिकवलंय?

मग गेला स्टेशनजवळच्या दुकानात. दुकानदार गुजराती, त्याने काढून दाखवली प्लॅस्टिकची चड्डी. "ले जाव भाई, एकदम वॉटरप्रूफ. बाहर एक बूंद नहीं आएगा." आणि माणूस खोटं बोलला नाही हो! एक थेंब बाहेर आला नाही. सकाळी नाही, प्रार्थनेला नाही, गाण्याला नाही. बाळा आपला हॉलभर चालतोय, चड्डी कुरकुर वाजतेय, आणि दर थोड्या वेळाने पोर गप्प होतंय आणि परत बोलतंय, गप्प होतंय आणि परत बोलतंय... सरूबाई खूश. कोरडा, कोरडा. दुपारी दुधाच्या रांगेत बसवायला त्यांनी बाळाला काखेत धरून उचललं मात्र, चड्डी एका बाजूने दबली, आणि सकाळपासूनची शिल्लक सरूबाईंच्या पावलांवर उतरली.

शिवदासला निरोप आला. पुन्हा दुकान. आता इलॅस्टिकची. "बडा साइज लो, बच्चा बढेगा ना." बच्चा वाढेपर्यंत चड्डीने वाट पाहायला हवी होती, ती प्रार्थनेला हात जोडतानाच खाली आली. उघडं पोर आत नाही. पुन्हा निरोप. आणि निरोप आणणारी चंपा, बालवाडीची आया, दारात उभी राहून म्हणाली, "शिवादादा, बाई या वेळी ओरडल्या न्हाईत. नुसत्या बघत राहिल्या." त्याचं शिवदासला जास्त भय वाटलं.

मग उरली नाडीची चड्डी. आता नाडी म्हटलं की गाठ आली, आणि गाठ म्हटलं की शिवदासचा हात... तुमच्या लक्षात येतंय ना? या माणसाने जन्मभर एकच गाठ मारली, गोणीची. ती गाठ सोडायची नसतेच. हिसके बसले की आवळते, ओलावा लागला की आणखी आवळते, माल पोचला की विळ्याने कापायची. सकाळच्या घाईत शिवदासने बाळाची नाडी हातात घेतली, मनात सावित्रीच्या खाड्याची काळजी, आणि हाताने आपलं काम केलं. दहाच्या सुमाराला बालवाडीत बाळा गप्प झाला. चंपाने नखं लावली. सरूबाईंनी नखं लावली. चंपाने दात लावायला तोंड खाली नेलं... आणि तेवढ्यात बाळा बोलायला लागला. पुढचं सांगत नाही. चंपाने दोन दिवस जेवण टाकलं.

शिवदास हात जोडून उभा. "बाई, जानून न्हाय मारली. हात जातो तसा, मी काय करू?" सरूबाई म्हणाल्या, "शुक्रवारी मुंबईच्या शेठाणीबाई येतायत, देणगी देणाऱ्या. त्यांनी मुलांना कपडे दिलेत, समारंभ आहे. तो होऊन जाऊ दे. मग बाळाचं बघते." अगदी शांतपणे. शिवदास घरी आला आणि सावित्रीला काही बोलला नाही. ती बिचारी सांगत होती, सोमवारी कायम करणार आहेत, यादीत आपलं नाव आहे, मुकादम स्वतः बोलला. हा नुसता हो हो म्हणत होता.

शुक्रवार उजाडला तोच मेला वाईट. वारा पडलेला, मिठागरावरून डोळे दिपवणारा पांढरा उजेड, खाडीला ओहोटी. हॉलमध्ये पताका, खुर्च्या, आयाबाया नटून आलेल्या, मीही मागे उभा. सावित्री अर्थातच कामावर. आणि कपड्यांची पेटी उघडली तर पांढऱ्याशुभ्र टेरिकॉटच्या चड्ड्या, नाडीवाल्या, आणि सगळ्या एकाच मापाच्या. पाच वर्षांच्या मुलाच्या! घातली की उतरते, घातली की उतरते. आयांनी साध्या गाठी मारल्या, पोरांनी एकदा उड्या मारल्या की चड्ड्या घोट्यात. बाहेर शेठाणीबाईंची मोटार वाजली. सरूबाईंना घाम फुटला, त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि नजर जाऊन थांबली शिवदासवर.

"शिवदास, ती तुमची गोणीची गाठ मारा. सगळ्यांना."

शिवदास पांढरा पडला. "बाई, ती गाठ सुटत न्हाय."

"मग चांगलंच आहे. आज सुटायलाच नकोय."

आता सांगा, काय करणार तो? बाळाचं नाव त्यांच्या हातात. बसला गुडघ्यांवर आणि एकेक पोर समोर घेऊन आवळत सुटला. लवू झाला, आशा झाली, सगळी वीस-बावीस पोरं, आणि शेवटी स्वतःचा बाळा. अख्खी बालवाडी बंद करून टाकली हो! आणि मग, ऐका, मग महिला मंडळाने पोरांना लिंबाचं सरबत वाटलं. उकडत होतं म्हणून. पोटभर. काही पोरांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं. शिवदास भिंतीशी उभा राहून प्रत्येक पेल्याकडे बघत होता.

शेठाणीबाई आल्या. भारदस्त बाई, मोतिया रंगाची रेशमी साडी, चेहऱ्यावर माया. स्टेजवर बसल्या आणि समोरच्या पोरांतून मांडीवर घ्यायला एक पोर उचललं. कुठलं उचललं असेल? विचारताय काय?

हार झाले, तसबिरीची पूजा झाली, शेठाणीबाई बसल्या बसल्या भाषण करायला लागल्या. आणि मला आठवतंय, हॉलमध्ये पोरांचा नुसता गोंगाट चालला होता. तो हळूहळू कमी झाला. आधी लवू गप्प झाला. मग आशा. मग तिच्या शेजारची. एकेक दिवा विझावा तशी पोरं गप्प होत गेली, डोळे लांब खिडकीबाहेर लागले, पाय एकावर एक चढले. माशी बसली तरी ऐकू यावी एवढी शांतता. सगळी बालवाडी गप्प झाली. आयाबायांच्या लक्षात आलं, एकमेकींचे हात धरले त्यांनी, पण उठायचं कुणाला सुचेना. आणि स्टेजवर शेठाणीबाई भारावून गेल्या. "अरे वाह! केटला डाह्या छोकरा! कितने शांत! इतनी शिस्त तो हमारे बंबई में भी नहीं. सरूबेन, ये संस्कार कैसे किया?" सरूबाई हसल्या. असं हसू मी मयताला आलेल्या माणसाच्या तोंडावर पाहिलंय.

शिवदासने स्टेजकडे बघितलं. बाळाही गप्प होता.

तसा तो पळाला. मिठागराचा बांध पाठीमागेच, तिथून गोण्या कापायचा विळा घेऊन धापा टाकत दारात उभा राहिला. आता शेठाणीबाईंना काय दिसलं असेल? कुणीतरी घामाघूम माणूस, हातात विळा, डोळे तारवटलेले, आणि लहान मुलांच्या रांगेकडे निघालाय! बाईंचं भाषण तोंडात राहिलं. शिवदास कुणाकडे न बघता पहिल्या पोरापाशी वाकला, खस्स. नाडी तुटली, चड्डी खाली, पोर दाराबाहेर. खस्स. दुसरं पोर. खस्स. तिसरं. बाहेर देवळामागच्या दगडी गडग्याशी रांग लागली, एकेक जण जाऊन बसतोय, कुणी हॉलमध्ये थेंब सांडला नाही.

पुढे बसलेलं शेवटचं पोरही सुटलं. राहिला स्टेजवरचा बाळा. तुम्हाला सांगतो, तो माणूस आधी स्वतःच्या पोराकडे जाऊ शकला असता, सगळं त्या एका पोरावर अडलं होतं. पण परक्यांची पोरं रांगेत असताना आपल्या पोराला आधी कसं सोडवायचं, हे त्याला मुळी जमलंच नाही. आता स्टेजच्या पायरीवर चढला, विळा पुढे केला...

"बाबा," बाळा म्हणाला, "मचवा."

शिवदास तिथेच पायरीवर बसला.

आणि शेठाणीबाई गप्प झाल्या. डोळे लांब, खिडकीबाहेर. मग त्यांनी बाळाच्या गालावर हात फिरवला, पदर मांडीवर नीट पसरून घेतला, आणि उरलेलं भाषण बसूनच केलं. मोठ्या मनाची बाई. मोटारीत बसतानासुद्धा पोराला टाटा केला.

सोमवारी सावित्री कायम झाली. पेढे घेऊन आली, अजून जास्त मान वर करून. बाळाचं नावही राहिलं, कारण गाठी कुणी मारायला लावल्या हे शिवदासला ठाऊक, आणि त्याला ठाऊक आहे हे सरूबाईंना ठाऊक. फक्त त्यांनी एक अट घातली. पांढऱ्या चड्ड्या शेठाणींनी दिल्यात, त्या घालायलाच हव्यात, त्यांना गाठ तीच लागते, तेव्हा शिवदासने सकाळची गोण्यांची पाळी सोडून बालवाडीत बसायचं. मारायला आणि कापायलाही.

तो बसतोय. अजून बसतोय. दारात पाटावर, मांडीवर नाड्यांचं भेंडोळं, बाजूला विळा, आणि पोरं त्याला शिवामावशी म्हणतात. बाळा आता मोठा झाला, कोरडा असतो, दिवसभर बोलतो. बोलत नाही तो शिवदास. कुणी ओळखीचं रस्त्यात भेटून विचारतं, "काय शिवदास, काय चाललंय हल्ली?" तो उत्तर द्यायला तोंड उघडतो, मग थांबतो, डोळे लांब मिठागराच्या पलीकडे लागतात, आणि शिवदास गप्प होतो.

आणि विचारणारा, सवयीने, चार पावलं मागे सरकतो.