हार्ड डिस्कची सिनिऑरिटी

पुसदच्या दातांच्या दवाखान्यात अंजू सुजलेला गाल धरून बसली होती. हसणं तिला मुळीच परवडणारं नव्हतं. पण शेजारच्या बाकावर रिटायर्ड हेडक्लार्क सदाशिवराव आणि त्यांची मुलगी ऋचा यांची चांगलीच जुंपली होती.

“बाबा, हार्ड डिस्कच्या जोडीले नवी एसएसडी डिस्क टाकली तरी कॉम्प्युटर रखडतच चालू होऊन राह्यला. तुम्ही बायोसची सेटिंग बदलली काय?”

“बदलली नाही व, दुरुस्त केली. चालू होताना आधी कोणत्या डिस्कले विचारायचं, त्या यादीत तू कालच्या एसएसडीले पयला नंबर दिला होता.”

“ती फास्ट आहे म्हणून!”

“असंल. पण जुन्या हार्ड डिस्कची सर्व्हिस पाह्य. तिच्या डोक्यावर कालची पोरगी बसवतं काय?”

“ती हार्ड डिस्क कुरकुर करते, बाबा. मधातच बंद पडते. उद्या माझा ऑनलाइन इंटरव्ह्यू आहे!”

“कुरकुर तं आमच्या हाफिसात सगळेच करत. कोणाची सिनिऑरिटी गेली नाही.”

“बरं, तिले दोन नंबरवर ठेवू. जुन्या फायली सांभाळंल.”

“म्हणजे रेकॉर्ड रूममधी? तिथं तं शिक्षा म्हणून पाठवत!”

तेवढ्यात आतलं दार उघडलं. नर्सनं विचारलं, “काका, हलणारा दात काढून नवा बसवायचा ना?”

सदाशिवराव ताठ उभे राहिले.

“नवा बसवा ना बाई. पण जुन्याच्या मागच्या रांगेत.”

अंजूनं दोन्ही हातांनी गाल दाबून धरला.