बाईंचं पिवळं

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर बसलेले प्रमुख पाहुणे म्हणजे आपले रोपवाटिकेचे मालक, आजच्या सत्कारमूर्ती डॉक्टरीणबाई, आपल्या ऑर्किड मंडळाचे सर्व सभासद आणि सभासदांबरोबर नाइलाजाने आलेले त्यांचे नवरे नि बायका, सगळ्यांना माझा नमस्कार.

बाई उद्या कायमच्या मुलाकडे राहायला चालल्या आहेत. निरोपाचं भाषण त्यांच्या जवळच्या माणसाने करावं, असं कार्यकारिणीत ठरलं. मग माझं नाव कसं निघालं, हे मला अजून कळलेलं नाही. बाईंचं आणि माझं पटत नाही, हे या सभागृहातल्या पंख्यालासुद्धा ठाऊक आहे. अध्यक्षांचा शब्द मोडवेना, म्हणून उभा आहे.

आधी एक खुलासा. बाईंना आपण पुष्पगुच्छ दिलेला नाही, हे पाहुण्यांच्या लक्षात आलं असेल. विसरलो नाही. ऑर्किडचा गुच्छ दिला असता तर फुलं कुणी तोडली म्हणून त्या रागावल्या असत्या. गुलाबाचा दिला असता तर मंडळ कशाचं आहे, असं विचारलं असतं. कार्यकारिणीने बराच ऊहापोह करून काहीच न देण्याचं ठरवलं.

नवीन मंडळींसाठी सांगतो. बाई दातांच्या डॉक्टर, माझं चष्म्याचं दुकान. दात कोरायची जी बारीक आकडी असते ना, तिने बाई पानांच्या बेचक्यातले पिठ्या ढेकूण काढतात. पेशंटसाठी आकडी वेगळी असते, अशी माझी समजूत आहे. विचारायचं धाडस मी केलेलं नाही, कारण माझी दाढ त्यांच्याकडेच भरलेली आहे.

मी प्रदर्शनात पहिल्यांदा झाड मांडलं तेव्हा येणारा जाणारा ‘वा’ म्हणत होता. बाई आल्या. फुलाकडे बघितलंच नाही. कुंडीत बोट खुपसलं आणि म्हणाल्या, "पाणी कमी घाला हो, चष्मेवाले. ऑर्किड उपाशी मरत नाही, लाडाने मरतं." चारचौघांत. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. घरी जाऊन झाड कुंडीबाहेर काढलं, तर मुळं खरंच कुजायला लागलेली. मंडळी, माणूस चुकीचं बोलला तर त्याला माफ करता येतं. बरोबर बोलला तर काय करायचं?

तेव्हापासून त्या माझ्या झाडांना नावं ठेवतात आणि मी त्यांच्या. त्या म्हणणार, "मान पडलीय तुमच्या फुलाची." मी म्हणणार, "पानं फार गडद दिसतात, बाई. ऊन दाखवत जा जरा." बाकी तुम्ही सगळे एकमेकांना ‘छान, छान’ म्हणता. म्हणा बापडे. त्याने झाड सुधारत नाही.

आता बाईंच्या पिवळ्याविषयी. त्यांच्या यजमानांनी कुठूनसा आणलेला एक वाळका कंद बाईंनी जगवला, त्याचं हे झाड. तळहाताएवढं फूल, आणि वास फक्त सकाळी. त्याला सगळं मंडळ ‘पिवळं’ एवढंच म्हणतं. चांगलं झाड एकाच घरात ठेवू नये, तुकडा दुसऱ्याकडे असावा, म्हणजे एकाकडचं गेलं तरी दुसऱ्याकडून परत घेता येतं, ही आपल्याकडची रीत बाईंनीच पाडलेली. त्याप्रमाणे पिवळ्याचे तुकडे त्यांनी काहींना दिले आणि त्यांनी ते लाडाने मारले. नावं घेत नाही, ते पुढच्याच रांगेत आहेत. मी तुकडा कधी मागितला नाही. मागितला असता तर बाईंनी दिला असता, आणि मग आभार मानावे लागले असते.

गेल्या बैठकीत बाईंनी आपली सगळी झाडं वाटून टाकली. पिवळं मला दिलं. अख्खं. लग्न ठरल्यासारखे तुम्ही माझे हात हातात घेत होता. मीही फुशारकीने घरी गेलो. बायकोने दार उघडलं, कुंडी बघितली आणि विचारलं, "बाईंनी स्वतःला काय ठेवलं?"

म्हटलं, "काही नाही."

"मग तुम्ही हसताय कशाला?"

दुसऱ्या दिवशी बाईंकडे गेलो. गच्चीतल्या मांडण्या मोकळ्या होत्या. बाई कुणाला तरी द्यायच्या म्हणून रिकाम्या कुंड्या घासत होत्या. मी विचारलं, तर म्हणाल्या, "सूनबाईने उन्हाची एक खिडकी ठेवलीय हो माझ्यासाठी. पण नको. नव्या जागी झाड मरताना बघायचं बळ नाही आता माझ्यात. झालं तेवढं पुष्कळ झालं."

बाईंना असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. तसाच परत आलो. घरी पिवळं होतं, दांडा आलेला, कळ्या टपोऱ्या. प्रदर्शनातला पहिला नंबर माझ्या खिशात होता. त्याच्यासमोर उभा राहिलो आणि मला फार वाईट वाटलं. अजून वाटतंय. बाई ऑर्किड सोडणार, ही गोष्ट काही मला पटेना.

म्हणून आज सकाळी मी सुरी ज्योतीवर धरली, गार होऊ दिली, आणि पिवळं मधोमध कापलं.

शांत राहा, मंडळी. अध्यक्ष महोदय, पाणी घ्या. कळ्या धरलेलं झाड कापत नाहीत, हे मलाही कळतं. कळ्या गळतील. एकदोन वर्षं तरी दोन्ही भागांना फूल येणार नाही. मी शुद्धीत आहे. अख्खं झाड परत दिलं असतं तर बाईंनी हात लावला नसता, एकदा दिलेलं त्या परत घेत नाहीत. पण कापलेलं झाड म्हणजे पेशंट झालं. दुखणाईताला दारातून परत पाठवलेलं मी त्यांच्या दवाखान्यात कधी पाहिलं नाही.

बाई, हा तुमचा भाग. तुमच्या रीतीनेच देतोय. माझ्याकडचं मेलं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?

बाई उठल्या आहेत. माझ्याकडे बघत नाहीयेत. कुंडीतले सालीचे तुकडे बाजूला करून मुळं बघतायत. माईक त्यांच्याजवळ नाही, म्हणून मीच सांगतो, त्या म्हणतायत, "ही खाटकाची कामं तुम्हाला कुणी सांगितली होती?" पुढे म्हणतायत, कुंडी मोठी झाली, ओल धरेल. आता न्यायला आलेल्या मुलाला विचारतायत, उद्या वाटेत लहान कुंडी कुठे मिळेल.

रोपवाटिकेचे मालक देतो म्हणतायत. आभारी आहे. वाचनालयाने सभागृह दिलं, त्यांचेही आभार, आणि इतका वेळ ऐकून घेतलंत म्हणून तुम्हा सर्वांचे. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. कापण्यात काय काय चुकलं, ते बाई मला फोन करकरून ऐकवतील. मी वाट बघेन.