हसकेलकाकांची ठेव

माझा जन्म जळगाव जामोदचा. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ, आणि हंगामात जिनिंगमधून उडून येणारा कापूस, जो अंगणात, तुळशीवर, वडिलांच्या पोथीवर अलगद उतरत असे, असे ते दिवस. वडील भिक्षुकी करत, मीही त्यांच्याच मांडीपाशी शब्दरूपे पाठ केली आणि पुढे जन्मभर शाळेत संस्कृत शिकवले. पण काय सांगू तुम्हाला, डोळे मिटले की आधी वडील दिसत नाहीत, दिसतात ते हसकेलकाका.

काका जिनिंगमधले इंजिनमिस्त्री, मूळचे कोकणातले, बेने इस्राएल म्हणजे मराठी बोलणारे यहुदी, आणि आमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत ते आणि रिबकामावशी बरीच वर्षे राहिले. शुक्रवारी सूर्य कलला की मावशी दिवा लावून डोळ्यांवर हात धरत, शनिवारी चूल पेटत नसे, आणि नवस फेडायचा असला की पोहे, गूळ, ओले खोबरे कालवून मलिदा होई, तो मला दारातच मिळे. त्या दाराच्या चौकटीवर बोटभर लांबीची एक पत्र्याची नळी तिरपी ठोकलेली होती, मेझुझा म्हणत तिला, आत त्यांचे धर्मवचन हाताने लिहिलेले. जाता-येता काका तिला बोटे लावत आणि तीच बोटे ओठांना. एका दसऱ्याला आईने चौकटीबरोबर त्या नळीलाही हळदकुंकू लावले, तर मावशी पदराने हळूच पुसत म्हणाल्या, वहिनी, आमच्या देवाला असं नटवत नाहीत हो. आई म्हणाली, चुकलं बाई माझं, पण सणाच्या दिवशी त्याले तसाच कोरा कसा ठेवू? दोघी कितीतरी वेळ हसत होत्या, ते हसणे अजून त्या खोलीत आहे असे मला वाटते.

मी नोकरीला लागलो त्या वर्षी काका इस्राएलला जायला निघाले. सामान बांधून झाले, आणि नळीपाशी उभे राहून ते म्हणाले, खरं तर जाताना ही काढून न्यायची असते, बापू, पण इथंच राहू दे, आमच्यातलं कोणी आलं तर त्याला घर ओळखू येईल. मी हो म्हटले. तो शब्द मी दिला होता, हे तुम्ही ध्यानात ठेवा.

पुढे आईवडील गेले, मुले मोठी झाली, आणि एका दिवाळीआधी रंग काढताना गंजलेली ती नळी चौकट दुरुस्त करायला आलेल्या सुतारबाबांच्या हातात आली. आतल्या चामडी पत्राला कसर लागली होती, कडा झडत होत्या. मला ती अक्षरे वाचता आली नाहीत, पण कोणीतरी स्नान करून, एकेक अक्षर जपून हाताने लिहिले असणार, एवढे कळले. आमच्यात जीर्ण पोथीला वाहत्या पाण्यात सोडतात. मी सोवळ्याच्या वस्त्रात ते गुंडाळले, बसने पूर्णेवर गेलो, ओंजळीने पाण्यात सोडले आणि म्हणालो, ज्याचे आहे त्याला पोचो. परत आलो तो मोठे पुण्य केल्यासारखा, आणि काकांना दिलेला शब्द आठवला तो थेट परवाच्या वर्षी.

कारण परवाच्या वर्षी काकांची नात आली, नोआ नावाची, कॅमेरा घेऊन. आजीच्या स्वयंपाकघरातले मराठी बोलत होती, मला आजोबा म्हणे. तिने लॅपटॉपवर तिच्या लोकांचे काही चित्रपट दाखवले, कुठल्या तरी बर्फाच्या देशात एक म्हातारा शिंपी आपल्या नामशेष झालेल्या गल्लीचे गाणे आठवत होता, भाषा कळली नाही पण मी जागचा हललो नाही. ती म्हणाली, माझाही चित्रपट असाच करतेय, शेवटी माझ्या आजोबांचा मेझुझा दिसेल, कुठाय तो? आणि मी, ज्याने मुलांना सत्यं वद शिकवले, तो म्हणालो, असेल आत कुठेतरी, शोधतो.

दुसऱ्या दिवशी पूजेत मन लागेना. संध्या आटोपून तसाच बाहेर आलो, तिला म्हटले, बाळ, कॅमेरा लाव, आणि सगळे सांगितले. ती ऐकत होती. सांगून झाले तेव्हा तिचा चेहरा उतरला होता, मला तो बघवेना. मग म्हणाली, आमच्यात असं जुनं झालं की मातीत पुरतात, आजोबा. तुम्ही पाण्याला दिलंत. एवढेच. मला बरे वाटावे म्हणून दुसरे काही बोलली नाही, आणि तेच योग्य होते. चौकटीवरची खिळ्यांची दोन भोके तिने कॅमेऱ्यात घेतली, आणखी दोन दिवस राहिली आणि गेली.

यंदा तिचा चित्रपट आला, सुनेने टीव्हीवर लावला. शेवटी आमचे दार दिसले, सकाळचे कोवळे ऊन, आणि एक म्हातारा देवळात जायला निघालेला, हातात फुलांची परडी. उंबऱ्यापाशी त्याचा दुसरा हात आपोआप वर गेला, त्या दोन भोकांना बोटे लागली, आणि बोटे ओठांना. तो मीच होतो. मी मंदाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना विचारले, हे मी केव्हा केले? तर त्या म्हणाल्या, केव्हा काय, लग्न होऊन आली तवापासून रोजच पाहून राह्यली मी, मले वाटलं तुमच्या घरची रीतच आहे.

आता कळल्यापासून मात्र हात उंबऱ्याशी थबकतो, परवानगी मागितल्यासारखा. मग मी त्याला म्हणतो, जा. परवा रंगारी आला, त्याला सांगितले, सगळे दार रंगव, पण ती दोन भोके बुजवू नको. तो म्हणाला, काऊन जी बापू, मुंग्या घर करतील तिथं. म्हटले, करू देत. नोआ पोरीचे कल्याण असो.