गजूचा निळा सदरा

माहं माहेर दापोऱ्याचं. माय-बाप दोघं लोकाच्या केळीत राबायचे, अन् मी लगन होऊन इथं सिंधीपुऱ्यात, विणकरायच्या मोहल्ल्यात, आली तं काय सांगू तुम्हाले, पहिले दिवस त्या पावरलूमच्या खडखडाटात मले माहं बोलणंबी ऐकू येत नव्हतं. माहे मालक लूमवर कामाले व्हते. शेजारच्या जुबेदाआपानं मले सांधणी शिकवली. सांधणी मतलब, लूमवरच्या उभ्या धाग्यायचा जुना ताणा संपत आला का नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याच्या टोकाले पिळून जोडायचा. मालक लवकर गेले, मंग त्याच सांधणीवर मी गजूले मोठा केला.

एकच पोरगा माहा. लूमवरच लागला. त्याची बायको सविता नेपानगरची, बाप तिचा कागदाच्या मिलमधी. दोघायचं लई पटायचं. अन् एक दिवस कामावरून येता येता ट्रकनं उडवलं त्याले. काय सांगू. सविता वर्षभर राह्यली माह्यापाशी, मंग तिचा बाप येऊन घेऊन गेला. मी कोणत्या तोंडानं थांब म्हणू? जवान पोरगी.

मांगच्या हिवाळ्यात शनवाऱ्याच्या वेशीपाशी एक ताई आली, आर्टिस्ट. बंद पडलेल्या कारखान्यात तिनं जुना हातमाग उभा केला अन् गल्लीतल्या बायायले म्हणे, ज्याच्याशी आता बोलता येत नाही त्याचा कपडा आणा, फाडून पट्ट्या करू, सगळ्या मिळून एकच कापड विणू. जुबेदाआपानं तिच्या अम्मीची ओढणी नेली. मी नाही म्हटलं. गजूचा लग्नातला निळा सदरा व्हता पेटीत, त्याले कैची लावू? मी मेल्यावर लावा म्हटलं.

पण आपानं फोनवर सविताले सांगितलं असंल, कारण ती आली. दारातच उभी राह्यली. म्हणे आई, पप्पांनी खंडव्याचा रिश्ता पक्का केला. मी म्हटलं बरं झालं, अन् चुलीकडं तोंड फिरवलं. मंग ती म्हणे, आई, मेरे पास उसका कुछ भी नहीं, तो सदरा द्या ना. मले राग आला. म्हटलं नव्या घरी नेशीन का? ती रडायले लागली. म्हणे, नाही नेता येणार आई, म्हणून तर इथं विणायचा आहे.

मंग मी पेटी उघडली.

तिनं एक बाजू धरली, मी एक, अन् फाडला. तो आवाज अजून माह्या कानात आहे. मागावर ती इकडून पट्टी घालायची, मी तिकडून ओढून घ्यायची. आपा बाजूले बसून नुसती माह्या पाठीवर हात फिरवत व्हती.

ते कापड मंग भोपाळले लागलं, प्रदर्शनाच्या मोठ्या हालमधी, छतापासून जमिनीपर्यंत. ताईनं आम्हाले गाडी करून नेलं. सविताबी आली. लोकं पाहत व्हते, फोटो काढत व्हते, अन् आम्ही दोघी आपलं निळं शोधत व्हतो. सापडलं, आपाच्या अम्मीच्या गुलाबी ओढणीच्या खाली. एका बाईनं विचारलं, तुम्ही दोघी कोण लागता एकमेकीच्या? मी मनात म्हटलं, पोरगा नाही तं सून कशाची? सविता म्हणे, माह्या आई आहेत.

तिच्या लग्नाले जाऊ नको म्हणे लोक, पहिली सासू, तीबी विधवा, अपशकुन असतो. सविताचा फोन आला, आई तुम्ही नाही आल्या तं मी बोहल्यावर उभी राहणार नाही. गेली मी. मांगं उभं राहून अक्षता टाकल्या.

आता खंडव्याले आहे ती. दिवस गेले आहेत तिले. जावई चांगला आहे, मले फोनवर आईच म्हणतो. माहं काय, हात चालते तोवर सांधणी करीन. गजू काही येत नाही आता. पण त्याचं जे आयुष्य उरलं असंल ना, ते तिच्या लेकराले लागो बाबा.