खालच्या मजल्याची बाजू

हॅलो? … हं, बोल छोटे. मुलांचे निबंध तपासत बसलेय, पण तू बोल… आज संध्याकाळी सोसायटीची मीटिंग ना, तुझ्या शिलाई मशीनच्या आवाजावरून? तक्रारीला उत्तर लिहिलंस का? … मग वाच की, ताई कशाला आहे?

हं… हं… अगं थांब. 'खालच्या मजल्यावरचे कंपाउंडर रात्रपाळी करून येतात, जरा डोळा लागतो, तोच माझं मशीन सुरू होतं'… हे तू लिहिलंयस? बाई, तक्रारीला उत्तर द्यायचं होतं, तक्रार सजवून द्यायची नव्हती.

हो, हो… मीच म्हटलं होतं, आधी समोरच्याची बाजू मांड. पण एका वाक्यात गं… दोन पानं? … आणि त्यांच्या डोकेदुखीचं लिहिताना तूच रडलीस? … अगं ऐक ना. समोरच्याची बाजू नुसती दाखवायची आणि खोडून काढायची. तू तिला मांडीवर घेऊन बसलीस.

बरं, तुझी बाजू कुठाय? … शेवटी? वाच… 'मशीन बंद झालं तर माझं घर कसं चालेल, मला सुचत नाही. आपली नम्र'… संपलं? पुरावा नाही, उपाय नाही, आपल्याच हाताने पायावर धोंडा. दहापैकी तीन देईन, तेही बहीण म्हणून.

फाड ते कागद. मी सांगते तसं लिहून… काय? दिलेस? … थेट त्या कंपाउंडरनाच? सकाळी? … मघापासून तेच सांगतेयस? मग आधी बोलायचंस ना… मी बोलू दिलं नाही? बरं, बरं. काय म्हणाले?

दारातच उभ्याने वाचलं… दोनदा… 'माझ्या घरच्यांनाही माझं दुखणं एवढं कळलं नाही'… असं म्हणाले? … तक्रार मागे? … दुपारनंतर खुशाल शिव म्हणाले? … आणि मशीनखाली घालायला जाड रबरी चटई स्वतः आणून दिली? … अगं वेडे, आता कशाला रडतेस. मलाही रडवशील…

हं… विचार करतेय.

छोटे, ऐक ना… घरातली कामं वाटून घ्यायची म्हणून तुझ्या भावोजींना मी मुद्देसूद लिहून दिलंय. पुराव्यांसकट. त्यांनी त्याची घडी करून डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सरकवलीय… हसू नकोस. तू लिहून देशील? … आधी त्यांची बाजू? हो, घे लिहून. त्यांचं म्हणणं असं, की… त्यांना ना… म्हणजे ऑफिसातून आले की ते…

थांब, बाहेरच बसलेत. विचारूनच येते. ठेवते.